हिरव्या चहात काळी झालेली अंगठी

"झाली! झाली! काळी झाली गं बाई!"

अंगणात एकच गलका उठला. मागच्या बायका टाचा उंचावून बघायला लागल्या, पुढच्या दोघींनी डोक्याच्या रुमालात तोंड खुपसून रडायला सुरुवात केली. खोसियतबीबीनं दोन बोटांत धरलेली अंगठी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. मघाशी ती लखलखत होती. आता तव्याच्या बुडासारखी काळीकुट्ट झाली होती.

"बघा, नीट बघून घ्या!" खोसियतबीबी गरजली. "माणूस खोटं बोलतं, चांदी खोटं बोलत नाही. या पोरीचं दुसरं लेकरू हिच्या कुशीपर्यंत आलं होतं, अगदी दाराशी उभं होतं! आणि नेलं कुणी? जावेनं! चाळीस दिवसांच्या आत ही ओली बाळंतीण आणि ती ओली बाळंतीण समोरासमोर आल्या, आणि हिच्या वाटचं तिनं उचललं!"

ती जाऊ बिचारी त्या वेळी घरी तंदुरात नान लावत असेल. आपण आज चोर ठरलो याचा तिला पत्ताही नव्हता.

दर बुधवारी हा तमाशा चालायचा. आमच्या इस्फरा भागातल्या पंधरा गावांतल्या बायका यायच्या. एक मूल झालेलं, पण त्याच्या पाठीवर काही होत नाही, अशा सुना आणि त्यांना दंडाला धरून आणणाऱ्या सासवा. साखरेचे पुडे, कापडाचे तुकडे, पाय बांधलेले कोंबडे. नजर उतरवायला जाळलेल्या इस्पंदाच्या बियांची धुरी इतकी दाट की समोरचीचा चेहरा दिसू नये. मध्ये सतरंजीवर खोसियतबीबी, आणि तिच्यासमोर हिरव्या चहाचे तीन प्याले.

आता तुम्ही विचाराल, मंझुराबाई, तुम्ही तिथं काय करत होतात? तुम्ही तर शाळेत रसायनशास्त्र शिकवता. बाई, डोळ्यांना दिसलं म्हणून लगेच विश्वास ठेवू नका, असं आठवीच्या वर्गात तुम्हीच फळ्यावर लिहून ठेवता ना?

लिहून ठेवते. आणि त्या बुधवारी मी रांगेत सतराव्या नंबरावर उभी होते, आजीची चांदीची अंगठी मुठीत घट्ट धरून. लाज वाटतेय सांगायला, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझी मेहरी सहा वर्षांची. तिच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी शेजारच्या सनोबरला मुलगा झाला, फर्रुख. आमची अंगणं एकमेकींना लागून, मध्ये फक्त मातीची भिंत. सनोबर म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. लग्नं झाली तीही शेजारच्या घरांत, आणि दोघींचे नवरे रशियात बांधकामावर गेले तेही एकाच बसनं.

आमच्याकडे बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस म्हणजे चिल्ला. त्या दिवसांत दोन बाळंतिणींनी एकमेकींचं तोंड बघायचं नाही. बघितलं तर एकीचा चिल्ला दुसरीवर बसतो आणि तिची कूस बंद होते. आता सनोबरला पंधराव्या दिवशी जोराचा ताप चढला. दूध आटलं. पोर भिंतीपलीकडे टाहो फोडतंय, आणि इकडे माझं दूध वाहून कपडे भिजतायत. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ नकोस, चिल्ला आहे." मी गेले. सहा दिवस फर्रुखला अंगावर पाजलं. गेले ते बरं केलं, आजही तेच म्हणेन.

पुढं मेहरी दीड वर्षाची झाल्यापासून आम्ही दुसऱ्याची वाट बघायला लागलो. आम्ही म्हणजे मुख्यतः मी. माझा नवरा दाव्रोन डिसेंबरच्या शेवटी यायचा आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला परत जायचा. तो गेला की मी दिवस मोजत बसायची. सासूबाई वाईट नाहीत हो, पण त्याही मोजायच्या, आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं. मार्च उजाडला, जर्दाळूला फुलं आली, की मला धडकी भरायची. कारण मार्चमध्ये कळायचं की या वर्षीही नाही.

हे सगळं मी सनोबरला सांगायचे, ती मला सांगायची. तिचंही तेच होतं. फर्रुखच्या पाठीवर काही नाही. दोघी भिंतीला टेकून चहा प्यायचो, आपापल्या सासवांच्या नकला करायचो, रडायचो, हसायचो. जगणं चाललं होतं.

आणि दोन वर्षांपूर्वी सनोबर बोलायची थांबली. भांडण नाही, तंटा नाही. मी हाक मारली तर ओ नाही. रस्त्यात दिसली तर पलीकडून जायची. मुलांना एकत्र खेळू देईना. मी दारात जाऊन उभी राहिले तर तिच्या सासूनं आतूनच सांगितलं, "झोपलीये." सकाळी दहा वाजता!

नवरा परदेशात, आई दूरच्या गावी, आणि हाकेच्या अंतरावरची एकुलती मैत्रीण मुकी झालेली. शाळेत दिवसभर तीस पोरं आणि घरी आले की भिंत. त्या दोन वर्षांत मी इतकी एकटी पडले की पोरांच्या वह्या तपासताना स्वतःशीच मोठ्यानं बोलायला लागले होते. यंदाच्या मार्चमध्ये पाळी आली तेव्हा शाळेच्या संडासात कडी लावून रडले, आणि त्याच संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, एकदा खोसियतकडे जाऊन तर येऊ. गेल्यानं काय बिघडतंय?"

डॉक्टरकडे का गेले नाही? भीती. काहीतरी निघेल आणि कायमचं निघेल याची. खोसियतबीबीकडे निदान दोष दुसऱ्या कुणाचा तरी निघत होता.

तर सतरावा नंबर लागला. मी सतरंजीवर बसले.

"ये पोरी, ये. मास्तरीण ना तू? शिकलेल्यांच्या कुशीवरच जास्त नजर असते बघ," खोसियतबीबीनं सुरुवात केली. "चिल्ल्याच्या चाळीस दिवसांत कोण कोण भेटलं, एकेक नाव घे. ही अंगठी मी चहात बुडवीन. ज्यानं नेलं त्याच्या नावाला ती काळी पडेल."

"माझी आई," मी म्हटलं. अंगठी प्याल्यात गेली, तशीच लखलखीत बाहेर आली.

"नणंद, रुखसोरा." पुन्हा लखलखीत.

"आणि... सनोबर." नाव घेताना माझा आवाज चिरकला. नको तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

खोसियतबीबीनं माझ्याकडे एकदा बघितलं, काहीतरी पुटपुटली आणि अंगठी चहात बुडवली. दहा श्वास मोजले. बाहेर काढली तर काळी ठिक्कर!

"शेजारीण!" ती ओरडली. "पुढच्या बुधवारी ये, चाळीस चमचे पाणी ओतून चिल्ला कापते. आणि ऐक, तिच्याशी एक शब्द बोललीस तर चिल्ला परत बसेल. जन्मात बोलायचं नाही!"

आणि सांगू का? माझा विश्वास बसला. अकरा वर्षं शिकवलेलं रसायनशास्त्र कुठल्या कुठं गेलं. मला वाटलं, म्हणूनच! म्हणूनच ती तोंड चुकवते. माझं नेलंय हे तिला ठाऊक आहे! इतके दिवस ज्या प्रश्नानं जीव खाल्ला होता त्याचं उत्तर मिळालं, आणि उत्तर मिळाल्याच्या समाधानात ते खरं आहे का हे तपासायचंच मी विसरले. घरी येईपर्यंत मी सनोबरचा मनातल्या मनात सात वेळा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी नववीचा तास होता. धडा नेमका गंधकाचा. सल्फाइडच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि माझा हात तिथंच थांबला. कुजलेल्या अंड्यासारखा हा वास काल आला होता की! इस्पंदाच्या धुराखाली, अगदी पुसट, त्या तिसऱ्या प्याल्यातून.

पोरांना म्हटलं, "वह्या मिटा. आज प्रयोग." काळी अंगठी बोटातून काढली. कॅन्टीनमधून अ‍ॅल्युमिनियमचं भांडं मागवलं, त्यात कढत पाणी आणि मूठभर खायचा सोडा. अंगठी भांड्याच्या बुडाला टेकवून ठेवली. पाणी फसफसलं, तोच वास आला, आणि बघता बघता अंगठी पांढरी झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीत बसले आणि कालचे तिन्ही प्याले डोळ्यांसमोर आणले.

यात चमत्कार कसला? सोनार चांदीवरची नक्षी उठून दिसावी म्हणून तिला मुद्दाम काळी करतात. गंधक आणि पोटॅश तापवून बनवलेलं पाणी असतं ते. पातळ केलं की रंग पिवळट, हुबेहूब हिरव्या चहासारखा. ते कोमट असलं की त्यात चांदी काही क्षणांत काळी पडते. दोन प्याल्यांत खरा चहा, एकात हे पाणी. कुणाच्या नावाला कुठल्या प्याल्यात बुडवायचं हे खोसियतबीबीच्या हातात. आणि नाव कुठलं निवडायचं? जे घेताना बाईचा आवाज कापतो ते! दीर, जाऊ, शेजारीण कुणीही चालेल. सासूच्या नावाला मात्र अंगठी एकदाही काळी पडल्याचं ऐकिवात नाही. साखरेचा पुडा सासूच घेऊन येते ना!

हे सगळं कळलं, आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. सनोबरची सासूही तिला कुठंतरी घेऊन गेली असेलच की.

शाळा सुटल्यावर मी सरळ तिच्या फाटकाशी गेले आणि कडी वाजवत राहिले. सनोबर आली, मला बघून दार लावायला लागली. मी दारात पाय घातला.

"पाय काढ," ती म्हणाली. दोन वर्षांत ऐकलेला तिचा पहिला शब्द.

"एकच विचारते. तू खोसियतबीबीकडे गेली होतीस?"

तिनं दार ढकलायचं थांबवलं.

"तुझी अंगठी माझ्या नावाला काळी झाली ना?"

तिचा चेहरा कसनुसा झाला. "तू त्या सहा दिवसांत आली होतीस घरात," ती हळूच म्हणाली. "पोराला पाजलंस. बीबी म्हणाली, दूध दिलं आणि कूस नेली. मी... मला खरं वाटायचं नाही गं. पण बोलले तर परत बसेल म्हणाली."

"काल माझी काळी झाली. सांग कुणाच्या नावाला?"

"कुणाच्या?"

"तुझ्या."

सनोबर बघतच राहिली. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती शाळेत गणितात माझ्या पुढं होती. "म्हणजे तुझं मी नेलं."

"हो."

"आणि माझं तू नेलंस."

"हो."

"मग पोरं आहेत कुठं, सटवे?" ती ओरडली, आणि पुढच्याच क्षणी माझ्या गळ्यात पडून असं काही रडायला लागली की तिची सासू लाटणं घेऊन धावत आली.

पुढच्या बुधवारी आम्ही दोघी हातात हात घालून खोसियतबीबीच्या अंगणात शिरलो. बायकांनी वाट दिली, पण कुजबूज अशी सुरू झाली की विचारू नका. "अगंबाई, या दोघी एकत्र?" सकाळीच येऊन नंबर धरलेल्या सासूबाई मागून हाका मारत होत्या, "सूनबाई, अगं तिला सोड! चिल्ला कापायचाय!"

मी भाषण पाठ करून आले होते. गंधक, चांदी, अ‍ॅल्युमिनियम, सगळं क्रमानं. तोंड उघडायच्या आत सनोबर सतरंजीवर जाऊन बसली आणि बोटातली अंगठी काढली.

"बीबी, एक नाव सांगायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "पण बुडवणार मी."

"हात लावू नकोस! तुझा हात—"

सनोबरनं ऐकलं नाही. पहिल्या प्याल्यात अंगठी बुडवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "रशिया!" अंगठी पांढरी. दुसऱ्यात बुडवली. "रशिया!" पांढरीच. तिसऱ्यात बुडवली. "रशिया!"

बाहेर काढली ती काळी.

अंगणात हशा पिकला. कोपऱ्यातली एक म्हातारी तर मांडीवर थापा मारून हसत होती. आणि मग हसू आपोआप विरलं. कारण तिथल्या साठेक बायकांत जिचा नवरा घरी होता अशी एखादीच असेल. सगळ्या त्या अंगठीकडे बघत राहिल्या.

खोसियतबीबीनं संधी साधली. "बघितलंत? मस्करी केली तरी चांदी खरंच बोलते!"

"चांदी काही बोलत नाही," मी म्हटलं. "त्या प्याल्यात कुठलंही नाव घ्या. माझं घ्या, या कोंबड्याचं घ्या, काळीच होईल. ते गंधकाचं पाणी आहे, सोनाराच्या दुकानातलं." आणि मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

कुणाला काही कळेना. "गंधक" म्हटल्यावर दोघी जांभया द्यायला लागल्या. खोसियतबीबीच्या चेहऱ्यावर परत रंग यायला लागला. "शिकलेली आहे, बोलू द्या," ती मायेनं म्हणाली. "हा साधा हिरवा चहा आहे, बायांनो. दुवा फुंकलेला."

तेवढ्यात सासूबाई गर्दीतून पुढं आल्या. गुडघे धरत खाली बसल्या. तो तिसरा प्याला उचलला, नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि खोसियतबीबीच्या पुढं धरला.

"चहा आहे ना? घे, पी एक घोट."

"मी... आज माझा रोजा आहे."

"सकाळी माझ्यासमोर दोन संबुसे खाल्लेस की गं!"

"दुवा फुंकलेला चहा मी पीत नसते."

"मग मी पिते," म्हणून सासूबाईंनी प्याला तोंडाला लावला, तशी खोसियतबीबी किंचाळली, "नको! मराल!" आणि मीही धावले, प्याला हिसकावून मातीत ओतला.

आता कुणाला गंधक समजावून सांगायची गरज उरली नाही. बायका आपापले साखरेचे पुडे उचलायला लागल्या. एक जण कोंबड्याच्या पायाची दोरी सोडत होती. गेल्या बुधवारची ती सून, जिच्या जावेचं नाव निघालं होतं, ती अंगणाच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "आता मी जावेला तोंड कसं दाखवू?"

परतताना सासूबाई अर्ध्या वाटेत थांबल्या. मग म्हणाल्या, "माझीही काळी झाली होती गं. तीस वर्षांपूर्वी, या खोसियतच्या आईकडे. माझ्या बहिणीच्या नावाला." त्यांची बहीण वारल्याला चार वर्षं झाली.

दुसऱ्या आठवड्यात सनोबर आणि मी डॉक्टरांकडे गेलो. एकटीनं जायची भीती वाटायची, दोघींनी नाही वाटली. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "नवरे कुठायत?" दुसरा विचारला, "वर्षातून किती दिवस घरी असतात?"

"दीड महिना," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"म्हणजे दिवस राहायची संधी वर्षातून एकदा, फार तर दोनदा. त्याच सुमाराला घरात पाहुणे, लग्नं, सुंता. पाच वर्षांत किती झाल्या मोजा." मी मोजल्या. सात. पाच वर्षं मी जळत होते ती सात संधींसाठी! "आणि दुसरं," त्या म्हणाल्या, "एक मूल झालं म्हणजे पुढचंही आपोआप होतंच असं नाही. मधल्या काळात बाईत बदल होतो तसा पुरुषातही होतो. तुमच्या तपासण्या करू. पण त्यांचीही हवी. त्यांची तर जास्त सोपी असते."

सनोबरचा नवरा इल्होम फोनवर लगेच हो म्हणाला. दाव्रोन म्हणाला, "मी? मला काय झालंय? मेहरी काय आभाळातून पडली?" मग म्हणाला शिफ्ट सुरू होतेय, आणि फोन ठेवला. आठ दिवस त्याचा फोन नाही. आठ दिवस मी परत भिंतीकडे तोंड करून झोपले. चमत्काराचं पितळ उघडं पाडलं म्हणून घर भरतं असं कुणी समजू नये.

आता वाचणाऱ्या बायांनो, तुम्हाला हात जोडून सांगते. तुमच्या घरचं मूल कुणी पळवून नेत नाही. ना जाऊ, ना शेजारीण, ना तिची सावली. मूल होत नसेल तर त्याला कारणं असतात. काही सापडतात, काही सापडत नाहीत. मला दुसरं मूल होईल का, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक नाही. त्या तसं तोंडावर सांगतात, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे. जो कुणी सगळं छातीठोक सांगतो आणि वर तुमच्या जवळच्या माणसावर बोट ठेवतो, त्याच्या दारातून उलट्या पावली निघा. आणि ज्या माणसावर बोट ठेवलं त्याच्याकडे जाऊन सरळ विचारा. मी दोन वर्षं उशिरा विचारलं. सासूबाईंना तर विचारायला बहीणच उरली नाही.

नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला. दाव्रोन. मागं मशीनचा खडखडाट चालू होता.

"मंझुरा," तो म्हणाला, आणि जरा थांबला. "ती तपासणी... दुखतं का गं त्यात?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. पाच वर्षांत माझं पोट चोळलं गेलं, मला कडू काढे पाजले गेले, नवस झाले, टोमणे झाले. हा एवढा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"तुला नाही दुखायचं," मी म्हटलं. "मला दुखलं, दाव्रोन. पाच वर्षं दुखलं."

पलीकडे शिफ्टचा भोंगा वाजला. पण या वेळी त्यानं फोन ठेवला नाही.